तेवीस किलो

द्राक्षं तोलायचा काटा
मी ओसरीच्या तुळईला टांगला
आणि त्याला तिची बॅग अडकवली.
सव्वीस.
मझेविनार म्हणाली, पुन्हा बघ.
पुन्हा बघितलं. काटा आमच्या बाजूचा नव्हता.

मग बाहेर निघाल्या
आंबट आलुबुखारच्या चटणीच्या दोन बाटल्या,
एक स्वेटर,
माझ्या आईचा फोटो, चौकटीसकट.
फोटो परत आत गेला. चौकट राहिली.
ती भिंतीवर रिकामीच टांगलीय,
नुसता खिळा बरा दिसत नाही म्हणे.

गुलीको नऊ वर्षं बारी शहरात राहून आलीय,
सोन्याचा एक दात आणि पाठीचा पट्टा घेऊन.
संध्याकाळी येते, शिकवून जाते:
विमानतळावर विचारतील, कशाला आलात?
म्हणायचं, फिरायला.
किती दिवस? आठ.
परतीचं तिकीट? हे काय.
ते तिकीट आम्ही गाय विकून काढलं,
त्यावर कुणी बसणार नाही हे माहीत असून.
ॲप्रन नेऊ नकोस, पर्यटक ॲप्रन नेत नाहीत.
चर्चांची चित्रं असलेलं पुस्तक वर ठेव.
आणि हात खिशात.
हात बघून त्यांना कळतं.

मझेविनारनं आठवडाभर हातांना साय चोळली.
शेजारच्या दुधाची.

रात्री बाचाना झोपला की
मी सिन्योरा अद्दोलोराता होतो.
वय एक्याण्णव, डावी बाजू गेलेली.
टोपी काढून पलंगावर आडवा पडतो.
ती वहीत बघून विचारते,
दोवे ले फा माले?
म्हणजे, कुठे दुखतंय.
मला उत्तर येत नाही.
गुडघा दाखवतो. तो खरंच दुखतो,
चियातुराची खाण सोडल्यापासून जास्तच.
ती वहीत गुडघा शोधते. जिनोक्यो.
आपल्या गोलगोल अक्षरांत लिहून घेते.
मग एक हात मानेखाली, एक कमरेखाली,
उनो, दुए, त्रे,
आणि मी आहे तिथेच.
"अरे, असं अंग टाकू नकोस,
बाई अठ्ठेचाळीस किलोंची आहे."

तेवढं व्हायचा मी प्रयत्न केला.
श्वास आत ओढला, टाचा पलंगात रोवल्या,
तिला कळणार नाही अशा बेतानं.
चार बोटं उचलला गेलो असेन.
हसलो दोघंही.
मग ती म्हणाली, परत.

दिवसा शिकायची पाळी माझी.
मक्याच्या पिठात पाणी किती?
हाताला कळतं, म्हणाली.
माझ्या हाताला नाही कळत, म्हटल्यावर
तिनं पत्र्याच्या पेल्यात खिळ्यानं आतून रेघ ओढली.
बाचाना रुसला की खुराड्यामागे बसतो,
हाका मारायच्या नाहीत,
जवळ जाऊन काहीतरी दुरुस्त करत राहायचं.
काय दुरुस्त करू?
काहीही. कुंपण.
अंगणात गळ्यापर्यंत पुरलेला रांजण
एप्रिलमध्ये उघडायचा.
मी म्हणालो, तू येईपर्यंत ठेवू या.
वेडा आहेस, म्हणाली, वाईनचं व्हिनेगर होईल.
किती दिवसांत ते मी विचारलं नाही.

रविवारी पहाटे बॅग पुन्हा काट्यावर.
तेवीस आणि वर थोडं.
तिनं वही काढली, कोटाच्या खिशात घातली.
तेवीस.
गाडीवाला हॉर्न वाजवत नाही, भला माणूस,
नुसता दिवे लावून उभा.

मी काटा उतरवायला गेलो
तर बाचाना त्याच्या आकड्याला लोंबकळत होता,
पाय दुमडून, गाल फुगवून.
एकतीस, मी वाचलं.
पुन्हा बघ, मझेविनार म्हणाली.
एकतीसच.
दाराच्या चौकटीवर लिही, म्हणाली, तारीख घालून.
खडूनं नको.